परमुलखातील विद्यार्थी आणि घरची ओढ : काही ऐतिहासिक दाखले

दरवर्षी जून महिना लागला की आपल्या धर्मग्रामांतून दोन-चार तरुण शिक्षणासाठी घराबाहेर पडतात. कोणी दूरच्या सेमिनरीत जातो, कोणी मुलगी धर्मभगिनींच्या मठात दाखल होते, आणि अधूनमधून एखादा धर्मगुरू वरिष्ठांच्या आज्ञेने उच्च अध्ययनासाठी रोमला किंवा मनिलाला पाठविला जातो. निरोप देताना आपण प्रार्थना करतो, हार घालतो, छायाचित्र काढतो. पुढे काही महिन्यांनी त्यांपैकी एखाद्याचे मन लागत नसल्याची वार्ता येते. एखादा नाताळात घरी येतो तो परत जातच नाही. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी एकच निदान असते : त्याला पाचारणच नव्हते.

हे निदान कित्येकदा घाईचे असते, असे आम्हांस वाटते. घरची ओढ ही श्रद्धेची उणीव आहे की मनुष्याच्या घडणीचाच एक भाग आहे, आणि ती सोसण्याचा भार एकट्या विद्यार्थ्याने वाहावयाचा की त्याला धाडणाऱ्यांनी व ठेवून घेणाऱ्यांनीही, या प्रश्नांवर इतिहासात पुष्कळ प्रकाश सापडतो. त्यातील काही दाखले धर्मगुरू व धर्मशिक्षक बंधूंपुढे ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याधीचे नामकरण

घरची ओढ मनुष्याइतकीच जुनी असली, तरी वैद्यकशास्त्रात तिला व्याधी म्हणून नाव मिळाले ते १६८८ साली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील विद्यापीठात योहानेस होफर या तरुणाने त्या वर्षी एक लॅटिन प्रबंध सादर केला. 'परतणे' व 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला. आज हा शब्द गतकाळाच्या गोड स्मृतींसाठी योजला जातो. होफरला मात्र त्यातून जिवावर बेतणारा आजार अभिप्रेत होता.

त्याने नोंदविलेला पहिलाच रोगी विद्यार्थी होता. बर्नचा हा तरुण बाझलला शिकावयास आला होता. काही दिवस तो उदास राहिला. मग ताप भरू लागला, काळीज धडधडू लागले, आणि प्रकृती इतकी खालावली की मृत्यू समीप आहे असे समजून त्याच्यासाठी प्रार्थना होऊ लागल्या. तेव्हा उपचारासाठी आलेल्या औषधे देणाऱ्या एका साध्या माणसाने खरे कारण ओळखले. या मुलाला घरी पाठविण्यावाचून दुसरा उपाय नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. रोग्याला घरच्या वाटेला लावण्यात आले, आणि बर्न दृष्टीस पडण्यापूर्वीच, वाटेतच, तो सुधारू लागला.

या हकिगतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. बाझल ते बर्न हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. बेळगावहून पणजीला जावे त्याहूनही थोडे कमीच. दोन्ही नगरे जर्मनभाषी आणि दोन्हींचा पंथही एकच. तरीही तो तरुण मरणाच्या दारी पोहोचला. तेव्हा परमुलूख मैलांवर मोजता येत नाही. ज्या घरात आपले नाव आपल्या लोकांसारखे उच्चारले जात नाही, ते घर शेजारच्या तालुक्यात असले तरी परमुलूखच होय. दुसरी गोष्ट अशी की, रोगाचे मूळ हेरले ते पुस्तकी विद्वानाने नव्हे, तर खाटेजवळ बसून रोग्याकडे पाहणाऱ्या माणसाने.

अथेन्समधील एक खोली

आता आपण धर्मपित्यांच्या काळात जाऊ. चौथ्या शतकाच्या मध्यास कप्पदुकियाचे दोन तरुण विद्याध्ययनासाठी अथेन्सला एकत्र आले : पुढे संतपदास पोहोचलेले बेसिल आणि नाझियांझसचे ग्रेगरी. बेसिल ३७९ साली निवर्तल्यानंतर ग्रेगरींनी त्यांच्यावर जे दीर्घ स्मृतिभाषण रचले, त्यात या विद्यार्थिदशेचे वर्णन आले आहे.

त्या काळी अथेन्समध्ये नव्या विद्यार्थ्याचे स्वागत मोठे विचित्र होई. जुने विद्यार्थी त्याला गाठून त्याची टर उडवीत, मिरवणुकीने स्नानगृहापर्यंत नेत, तेथे आरडाओरड करून व दारे बडवून त्याला भेदरवीत, आणि मग आपल्यांत सामावून घेत. आजच्या वसतिगृहांतील रॅगिंगचे हे पूर्वजच म्हणावयाचे. ग्रेगरी आधी येऊन स्थिरावले होते. त्यांनी आपले वजन खर्च करून बेसिलची या प्रकारातून सुटका केली. पुढे काही आर्मेनियन विद्यार्थ्यांनी बेसिलला वादात खिंडीत पकडण्याचा घाट घातला. अथेन्सच्या विद्येचा मान राखावा म्हणून ग्रेगरींनी प्रथम त्या विद्यार्थ्यांचीच बाजू उचलून धरली. परंतु त्यामागील मत्सर लक्षात येताच ते मित्राच्या बाजूला आले. स्वतःची ही चूक ग्रेगरींनी लपविली नाही.

असे असूनही बेसिल खिन्न झाले. ज्या नगरीची इतकी कीर्ती ऐकली ती अशी निघावी, या विचाराने त्यांना तेथे आल्याचाच पस्तावा होऊ लागला. पुढे कैसरियाच्या महाधर्मपीठावर बसून सम्राटाच्या अधिकाऱ्यांपुढेही न डगमगलेला हा पुरुष विद्यार्थी म्हणून गेलेल्या शहरात प्रथम हिरमुसला होता, हे आपल्या तरुणांना कोणी सांगते काय?

ग्रेगरींनी त्यांना कसे सावरले? त्यांनी श्रद्धेवर प्रवचन केले नाही की सहनशीलतेचा उपदेश केला नाही. माणसाचा स्वभाव जसा एका भेटीत कळत नाही, तसे विद्येचे घरही चार दिवसांच्या अनुभवावरून जोखू नये, एवढेच त्यांनी समजाविले. आणि ते बेसिलबरोबर राहू लागले. एक छप्पर, एक पंगत, एकच ध्येय. शहरात त्यांच्या ओळखीचे मार्ग दोनच : एक मंदिराकडे जाणारा, दुसरा गुरूंकडे. पुढे बेसिल अथेन्स सोडून निघाले तेव्हा सोबत्यांच्या आग्रहाने ग्रेगरी मागे राहिले, आणि या वेळी विरहाचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. सावरणाऱ्यालाही एके दिवशी सावरणारा लागतोच.

१८८३ साल : वाँटिज

यानंतर आम्ही वाचकांना आपल्या अधिक जवळच्या काळात नेऊ इच्छितो. १८८३ सालच्या एकाच एप्रिल महिन्यात तीन मराठी स्त्रिया विद्येसाठी समुद्रपार निघाल्या. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या. २० एप्रिल रोजी पंडिता रमाबाई आपली दोन वर्षांची कन्या मनोरमा हिला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. त्यांच्यासमवेत तिसरी होती आनंदीबाई भगत.

रमाबाईंचे त्या वेळी वय २५. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ १८८० साली व पती बिपिनबिहारी १८८२ साली निवर्तलेले. म्हणजे ज्याची ओढ लागावी असे घरच मागे उरले नव्हते, असे कोणास वाटेल. परंतु घर म्हणजे केवळ माणसे नव्हेत. ताटातले अन्न, कानावर पडणारी बोली, अंगवळणी पडलेली शुचिता, हे सारे मिळून घर होते.

वाँटिज येथे अँग्लिकन पंथाच्या सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला. पुण्याच्या पंचहौदात कार्य करणारा हाच संघ. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे हा रमाबाईंचा मूळ हेतू. परंतु कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो सोडावा लागला. अशा रीतीने परदेशी पोहोचताच येण्याचे प्रयोजनच नाहीसे झाले. थोड्याच महिन्यांत त्याहून भयंकर घटना घडली. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटिज येथेच आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. आपल्यावर धर्मांतराची सक्ती होईल या भीतीने त्यांना ग्रासले होते, असे सांगितले जाते. या आघातानंतर रमाबाई काही दिवस ऑक्सफर्डला प्राध्यापक मॅक्समुल्लर यांच्या घरी राहिल्या. रात्री त्यांना एकटीने झोपवत नसे, म्हणून खोलीत सोबतीला मोलकरीण ठेवावी लागे, असे मॅक्समुल्लर यांनी लिहून ठेवले आहे.

आनंदीबाई भगत यांचे नाव इतिहासात रमाबाईंची सोबतीण एवढ्यापुरतेच येते. आपल्या ख्रिस्ती लेखनात तर रमाबाईंच्या २९ सप्टेंबर १८८३ रोजीच्या बाप्तिस्म्याकडे सर्वांचे लक्ष जाते आणि त्यालगतचा हा मृत्यू ओलांडला जातो. तो ओलांडू नये असे आम्हांस वाटते. ती धर्मभगिनींचे घर होते, दार उघडे होते, हेतू निर्मळ होते. आणि तरीही त्या घरातील एका परक्या स्त्रीच्या मनात काय चालले आहे ते वेळेवर कोणास कळले नाही. बाझलच्या खाटेजवळ जसा एक माणूस होता, तसा येथे कोणी नव्हता.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचे परकेपण सरले नाही. त्याचे रूप तेवढे पालटले. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकत व संस्कृत शिकवीत होत्या. या वर्षांतील त्यांचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जपून संकलित केला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. धर्मशिक्षणाचे कार्य करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा अशी आमची शिफारस आहे.

त्या पत्रांत ईश्वरविषयक गहन वाद आहेत, आणि त्यांच्या शेजारीच अन्नाचा वाद आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थही त्यांना चालत नसे. यात जुना जातीचा अभिमान डोकावतो, असा ठपका आला. तेव्हा रमाबाईंनी उलट प्रश्न केला. एखादी इंग्रज स्त्री हिंदुस्थानात राहावयास आली, आणि इतरांना बाधक नसलेल्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय, असा त्या प्रश्नाचा रोख होता. दुसरा वाद क्रुसाचा. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असत. आपल्या लोकांना न कळणारी लॅटिनच तेथे का असावी, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. तिसरा वाद मनोरमेचा. आईने चेल्टनहॅमला शिकावे आणि मुलीला वाँटिजच्या भगिनींनी वळण लावावे, या व्यवस्थेत मुलगी कोणाची होणार, हा प्रश्न आईला अस्वस्थ करीत राहिला. शिवाय रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याबाबत मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांचे आक्षेप आले, तेही त्यांना झोंबले.

वरवर पाहता यांपैकी एकही वाद घरच्या ओढीचा नाही. पण बारकाईने पाहिले तर चारही वादांच्या मुळाशी एकच मागणी दिसते : मी प्रभूची झाले, म्हणून मी माझी उरू नये काय? परदेशातील विद्यार्थ्याची ओढ पुष्कळदा रडण्यातून प्रकट होत नाही. ती हट्टातून, जेवणाच्या तक्रारीतून, नियमांवरील वादातून बाहेर पडते. सेमिनरीतील वरिष्ठ त्याला उद्धटपणा समजतात.

असे असूनही या नात्यात ओलावा होता. रमाबाई सिस्टर जेराल्डिन यांना 'आजीबाई' म्हणत. सारी पत्रे इंग्रजीत, आणि संबोधनात मात्र हा मराठी शब्द. ज्यांच्याशी भांडण चालले होते त्यांनाच रमाबाईंनी घरातली म्हातारी केले होते. सिस्टर जेराल्डिन यांनीही, ज्या पत्रांत त्यांच्यावर टीका आहे ती पत्रेसुद्धा नष्ट केली नाहीत. आणि विशेष हे की, रमाबाईंच्या बुद्धीला ख्रिस्ताकडे वळविण्यात जे लेखन निर्णायक ठरले, ते इंग्लंडमधील कोणा पंडिताचे नव्हते. काशीस वाढलेले मराठी पंडित नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांनी ते हिंदुस्थानातून पाठविले होते. गोरे यांनी स्वतः १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांच्या समवेत इंग्लंडची वाट धरली होती. परकेपण त्यांच्या परिचयाचे होते.

फिलाडेल्फिया

याच वर्षांत अटलांटिकच्या पलीकडे आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकत होत्या. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. पूर्वी केवळ पत्रांनी जोडल्या गेलेल्या श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना न्यू जर्सीतील आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्या निश्चयाचा मान राखला. १० ऑक्टोबर १८८५ रोजीच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाई, जपानची एक व सीरियाची एक अशा तीन विद्यार्थिनी आपापल्या देशीच्या वेषात शेजारी शेजारी आहेत. परक्याला आपला वेष सोडण्याची अट न घालणारी संस्था कशी असते, ते या चित्रात दिसते.

परंतु ममतेने सारेच साधते असे नाही. फिलाडेल्फियातील थंडी कडक, खोलीतील शेगडी धूर ओकणारी, शाकाहाराची गैरसोय, आणि घरून येणारी पतीची काही पत्रे धीर देणारी तर काही बोचणारी. घरचे पत्र हे नेहमी औषधच असते असे नाही, याची साक्ष आनंदीबाईंच्या उत्तरांतून मिळते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला त्यांच्या नात्यातील रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. एप्रिल १८८३ मध्ये वेगवेगळ्या बंदरांतून निघालेल्या त्या दोघी अशा परमुलखात भेटल्या. तिसरी वाँटिजला राहिली होती. क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या व त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या गेल्या. परमुलखातील एक घर अशा रीतीने त्यांचे अखेरचे घर झाले.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे येणाऱ्या विधवांना आपापल्या रीतीने राहण्याची व सोवळ्याओवळ्याचे नियम पाळून जेवण्याची मोकळीक त्यांनी ठेवली होती. परक्या घरच्या पंगतीत बसणे काय असते, ते त्यांना ठाऊक झाले होते.

धाडणारे आणि ठेवून घेणारे

या दाखल्यांवरून आम्हांस जे वाटते ते थोडक्यात मांडतो. घरची ओढ लागली म्हणून पाचारण खोटे ठरत नाही. ती लागली नाही म्हणून ते खरेही ठरत नाही. विद्यार्थ्याला ठेवून घेणाऱ्या घराने त्याच्या ताटाकडे व बोलीकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. एकाच धर्मग्रामाचे, निदान एकाच भाषेचे दोन तरुण एकत्र पाठविता आले तर पाठवावेत. प्रभूनेही शिष्यांना दोघे दोघे करून धाडले. आणि ज्याने धाडले त्याचे काम हार घालून संपत नाही.

येथे स्वतःविषयी चार शब्द लिहिण्याची परवानगी असावी. आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून पंधराव्या वर्षी दूरच्या एका सेमिनरीत गेलो. भाकरीवर वाढलेल्यांना तेथे दोन्ही वेळा भात होता, आणि आमच्या इंग्रजीला हसू होते. दोन महिन्यांत आम्ही ट्रंक भरून ठेवली. त्या आठवड्यात आईचे पत्र आले. आईला लिहिता येत नसे. पत्र आमच्या गावच्या धर्मशिक्षकांनी लिहिले होते. आईचा निरोप संपल्यावर खाली त्यांनी स्वतःच्या वतीने दोन ओळी घातल्या होत्या : लावणी आटोपली आहे, आणि रविवारी गायनात तुझा आवाज कमी पडतो. राहा किंवा ये, असे काहीच लिहिले नव्हते. आम्ही ट्रंक रिकामी केली. पुढे धर्मगुरू होऊन परदेशी शिकावयास गेलो तेव्हा दूरध्वनी आला होता आणि आवाज रोज ऐकू येई. परंतु ज्या कागदाने आम्हांस धरून ठेवले, तो आजही आमच्या प्रार्थनापुस्तकात आहे. धर्मशिक्षक बंधूंनो, आपण असे किती तरुण धरून ठेवले असतील, याची आपणांस कल्पनाही नसेल.

यिर्मयाचे पत्र

पवित्र शास्त्रातही परमुलखातील लोकांना गेलेले एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलास नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने ते लिहिले. त्याच्या ग्रंथाच्या २९ व्या अध्यायात ते आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या हा दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल असे सांगून लोकांना खूष करतो. यिर्मया तसे करीत नाही. काळ सत्तर वर्षांचा आहे, हे तो स्पष्ट कळवितो. तोवर तेथे घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलाबाळांत वाढा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी देवाजवळ प्रार्थना करा, असे तो सांगतो. घर विसरा, असे मात्र तो कोठेही म्हणत नाही. परत आणण्याचे वचन त्याच पत्रात आहे.

अवधी खरा सांगावा, तेथल्या मातीत काही तरी लावावयास सांगावे, आणि परतीच्या वाटेची ग्वाही द्यावी : धाडणाऱ्याने लिहावयाच्या पत्राचा यापेक्षा चांगला नमुना आम्हांस ठाऊक नाही. या जूनमध्ये आपल्या धर्मग्रामातून जो कोणी बाहेर पडला असेल, त्याचा पत्ता आपल्यापाशी आहे काय, एवढे प्रत्येकाने पाहावे. आणि असल्यास नाताळची वाट न पाहता त्याला लिहावे.